कोकरू श्वास घ्यायला विसरतं का?

माळरान (शनिवार, रात्री १०:४२)
गाव आटपाडीकडचं. घरी तात्या (माझे थोरले चुलते) अजून पंचवीसेक माडग्याळी मेंढ्या राखतात. बुधवारी पहाटे एक मेंढी व्याली, जुळं. पहिला नर, दणकट. अर्ध्या तासात उभा राहून आचळ शोधायला लागला. पाठोपाठ आलेली मादी मात्र जेमतेम दोन किलोची. बाहेर पडल्यावर हललीच नाही. मग एक आचका, मग काही नाही, मग दुसरा आचका. तात्यांनी नाकातोंडातला चिकटा बोटानं काढला, घोंगडीच्या टोकानं खसाखसा चोळलं, तेव्हा कुठं श्वास सुरू झाला.

मी शुक्रवारी रात्री पुण्याहून पोचलो. आज दुपारी ती झोपलेली असताना शेजारी बसलो होतो. बरगडीकडे बघत होतो आणि लक्षात आलं की ती आठ-नऊ भराभर श्वास घेते आणि थांबते. पार थांबते. मोबाईलवर मोजलं: ६ सेकंद, ७ सेकंद, ५ सेकंद. मग परत आठ-नऊ श्वास. श्वास मोजायला बसलो तिचा, आणि कोंडायला लागला माझा. जागी झाली की नीट असते, पितेही चांगली.

तात्यांना विचारलं तर म्हणाले, "कवळं हाय, श्वास इसरतंय. ऱ्हाईल ध्यानात हळूहळू."

माझा एक फार्मसीवाला मित्र म्हणतो रक्तात ऑक्सिजन कमी असणार. पण ऑक्सिजन कमी असेल तर श्वास वाढायला हवा ना? थांबतो कशाला? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चहाटळ
आमच्याकडे एक साहेब आहेत, ते श्वास सोडून बाकी सगळं विसरतात. कोकराशी अदलाबदल करता येईल का?

वॉर्ड_सात
रुमाल टाकून ठेवते. नाइट ड्यूटी आहे, सकाळी लिहीन. माळरान, तोवर एक सांगा: खंड पडतो तेव्हा हिरड्या-जीभ गुलाबी राहते की निळी-करडी होते?

माळरान
गुलाबीच होती. आता परत टॉर्च लावून बघून आलो. तात्या म्हणाले, झोपू दे की लेका तिला.

गोठेवाला
आमच्याकडं एचएफ (होल्स्टीन) गाया आहेत, संगमनेर साईड. वासरू श्वास घेईना तर तीन उपाय. एक, नाकपुडीत गवताची काडी घालून फिरवायची. दोन, डोक्यावर गार पाण्याचा तांब्या ओतायचा. तीन, मागचे पाय धरून दाराच्या आडूला उलटं टांगायचं, सगळं पाणी नाकातोंडातून गळतं. आमच्या आज्यापासून चालत आलंय. दहातली आठ वाचतात.

खूर_आणि_शिंग
गोठेवाला, पशुवैद्य म्हणून बोलतो. राग मानू नका.

काडी: उत्तम. पाणी: कानामागे, टाळूवर टाका, हिसक्यानं श्वास घेतं, हे खरं. पण ते नाकातोंडात जाता कामा नये. नवजात पिल्लाच्या घशात, स्वरयंत्रापाशी पाणी लागलं की उलटी प्रतिक्रिया होते, श्वास बंद. पाणी फुप्फुसात जाऊ नये म्हणून शरीरानं केलेली सोय आहे ती. मोठेपणी अशा वेळी ठसका लागतो, पिल्लाला ठसका येत नाही, ते श्वासच थांबवतं. आणि पाणी टाकल्यावर लगेच कोरडं पुसा, विशेषतः थंडीत.

उलटं टांगणं: बंद करा. जे गळतं ते बहुतेक पोटातलं असतं, फुप्फुसातलं नाही. वर आतड्यांचा सगळा भार छाती-पोटामधल्या श्वासपडद्यावर येतो, म्हणजे आधीच दमलेल्या स्नायूवर पोतं ठेवल्यासारखं. त्याऐवजी छातीवर बसवा, पुढचे पाय पुढे, मागचे दोन्ही बाजूंना, बेडकासारखं. दोन्ही फुप्फुसं मोकळी होतात.

गोठेवाला
राग कसला. पण डॉक्टर, टांगलेली वाचली पण आहेत ना?

खूर_आणि_शिंग
टांगूनही वाचली आहेत :)

चहाटळ
वरील प्रतिसाद फ्रेम करून गोठ्यात लावावा.

फुप्फुसपुराण
माझा विषय निघाला, त्यामुळे लांबण लागणार. वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवायचो, आता मुलीकडे मेलबर्नला मुक्काम असतो.

माळरान, तुम्ही एकाच शब्दात दोन वेगळ्या गोष्टी सांगताय. बुधवारचे आचके वेगळे आणि शनिवारचा झोपेतला खंड वेगळा. आधी शनिवारचा घेऊ.

श्वासाचा मुख्य मुकादम ऑक्सिजन नाही, कार्बन डायऑक्साइड आहे. हॉल्डेन आणि प्रिस्टली यांनी १९०५ मध्ये माणसांवर हे दाखवलं. मेंदूच्या देठाशी असलेल्या पेशी रक्तातल्या सीओटूवर, खरं तर त्यामुळे वाढणाऱ्या आम्लतेवर, नजर ठेवतात. धमनीत त्याचा दाब साधारण ४० मिमी पारा असतो. वाढला की श्वास वाढतो. आणि एका पातळीच्या खाली गेला की, झोपेत असाल तर, श्वास थांबतो. ती पातळी म्हणजे उंबरठा समजा.

मोठ्या माणसात नेहमीची पातळी आणि उंबरठा यांत साडेतीन मिमीच्या आसपास अंतर असतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळात मोजलं तेव्हा ते दीडच्याही आत निघालं. म्हणजे बाळ सतत उंबऱ्यावर उभं. एखादा उसासा टाकला, दोन श्वास जोरात घेतले, की सीओटू धुऊन निघतो आणि ते उंबऱ्याखाली जातं. श्वास बंद. थोडक्यात, कोकरू श्वास कमी पडला म्हणून थांबत नाही, जास्त झाला म्हणून थांबतं.

तर्कट
हे पटत नाही. सीओटू तर थांबल्याबरोबर परत साठायला लागेल, दोन सेकंदांत श्वास सुरू व्हायला हवा. ६-७ सेकंद कशाला? आणि सुरू झाल्यावर आठ-नऊ *भराभर* कशासाठी? मुकादम एवढा हुशार असेल तर सावकाश सुरू करेल. माझ्या भाच्याला जन्मल्यावर काचेच्या पेटीत ठेवलं होतं, तिथे डॉक्टर ऑक्सिजनबद्दलच बोलत होते, सीओटूचं नाव कुणी काढलं नाही.

फुप्फुसपुराण
तर्कट, प्रश्न बरोबर जागी लागलाय. थांबवतो सीओटू, पण भराभर सुरू करून देतो ऑक्सिजन.

गळ्याच्या दोन्ही बाजूंना, मुख्य धमनी जिथे दुभंगते तिथे, तांदळाच्या दाण्याएवढा एक पिंड असतो, कॅरॉटिड बॉडी. स्पेनच्या फर्नांडो द कास्त्रो यांनी १९२० च्या दशकात त्याची रचना पाहून हा रक्त 'चाखणारा' अवयव असावा असं म्हटलं, आणि बेल्जियमच्या हेमान्स यांना त्या भागावरच्या कामासाठी १९३८ चं नोबेल मिळालं. ऑक्सिजन घसरला की हा पिंड बोंब मारतो.

आता पिल्लाचा हिशेब बघा. किलोमागे ऑक्सिजनचा खर्च मोठ्यांपेक्षा बराच जास्त, आणि फुप्फुसातली शिल्लक थोडी. श्वास थांबला की ऑक्सिजन झपकन पडतो. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात आणि कॅनडातल्या शेरब्रुकला कोकरांवरच याचे प्रयोग झालेत. त्यांना थोडा वेळ यंत्रानं जास्त श्वास दिला, मग यंत्र काढलं. आधी लांब खंड, आणि मग अगदी माळराननी मोजली तशी लय: श्वासांचा झुबका, खंड, झुबका, खंड.

उसाला पाणी पाजताना रात्री दारं धरलंय का कुणी? पाटाच्या डोक्याशी एक जण, सरीच्या शेवटाला दुसरा. शेवटाचा ओरडतो "आलं, बास!" तोवर मधल्या सगळ्या सरीत पाणी भरलेलं. फुप्फुसातलं रक्त गळ्यातल्या पिंडापर्यंत पोचायला काही सेकंद लागतात, तसंच ते. बातमी येते तेव्हा जुनी झालेली असते, त्यामुळे दर वेळी जास्तच होतं. ऑक्सिजन पडल्यावर पिंड ओरडतो, आठ-नऊ श्वास भराभर, सीओटू परत उंबऱ्याखाली, परत बंद. पिल्लात अंतर छोटं म्हणून एक फेरा दहा-वीस सेकंदांचा. हृदय थकलेल्या म्हाताऱ्या माणसात हाच फेरा मिनिटभराचा होतो.

गोठेवाला
दारं धरल्याची उपमा आवडली. आमच्याकडं शेवटाला उभा असणारा झोपलेला असतो, त्याचं काय?

फुप्फुसपुराण
त्याचं उत्तर खरोखर आहे! पहिल्या दिवशी तो झोपलेलाच असतो. त्यावर उद्या.

चहाटळ
मालिकेसारखं थांबवू नका हो. आमचाही सीओटू वाढतोय.

वॉर्ड_सात
(रविवार सकाळ) घरी आले, चहा घेतला, आता लिहिते. मी नवजात अतिदक्षता विभागात आहे, चौदा वर्षं झाली.

तर्कट, डॉक्टर ऑक्सिजनबद्दल बोलतात कारण तो पायाला चिकटवलेल्या लाल दिव्यावर सतत दिसतो. सीओटू साठी टाचेतून रक्त घ्यावं लागतं. जे सारखं दिसतं त्याचीच चर्चा जास्त होते, एवढंच.

माणसाच्या बाळातही हे अगदी नेहमीचं. आम्ही याला पीरिऑडिक ब्रीदिंग म्हणतो. ५ ते १० सेकंदांचे खंड, रंग गुलाबी, हृदयाचे ठोके ठीक, तर नोंद करून पुढे जातो. २० सेकंदांच्या वर थांबलं, किंवा त्याआधीच ठोके मंदावले, रंग उतरला, तर ते ॲप्निया, तिथे धावायचं. नव्या आया रात्रभर जागून श्वास मोजतात. एका आईनं वहीत पानंच्या पानं भरली होती, उभ्या रेघा आणि मध्ये गोल. घरी जाताना ती वही मला देऊन गेली. अजून कपाटात आहे.

नवखे डॉक्टर फसतात ती गोष्ट अशी की हे फेरे पहिल्या दिवशी कमी दिसतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वाढतात. घरच्यांना वाटतं बाळ बिघडत चाललं. असं का, ते पुराणकाका सांगतीलच.

आणि हो, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आम्ही कॅफिन देतो. तेच, कॉफीतलं.

सुगरण_पक्षी
कॅफिन???

चहाटळ
म्हणजे कोकराला फिल्टर कापी. माळरान, स्टीलचा डबरा घेऊन बसा.

वॉर्ड_सात
हसा. पण २००६ मध्ये दोन हजारांवर बाळांच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष आले, आणि आता हे औषध जगभर चालतं. ॲडेनोसिन नावाचा रेणू मेंदूत श्वासाला दाबून ठेवतो, कॅफिन त्याची जागा अडवतं. मोजून, सलाईनमधून किंवा नळीतून देतात. घरी कुणीही कुठल्याही पिल्लाला कॉफी पाजू नये. ठासून सांगतेय, कारण या धाग्यावर कोण काय करेल सांगता येत नाही.

तर्कट
मग सीओटू कमी पडल्यानं थांबत असेल तर थोडा सीओटू हुंगवला की झालं. पोरगीला घोंगडीत तोंडासकट गुंडाळा. स्वतःचाच श्वास परत घेईल.

वॉर्ड_सात
नाही नाही नाही. तोंड झाकायचं नाही. कधीच नाही. काका, लवकर या.

फुप्फुसपुराण
आलो. तर्कट, तुमचा अर्धा तर्क प्रयोगानं सिद्ध झालेला आहे. हवेत जेमतेम एक टक्का सीओटू मिसळला तर बाळांचा श्वास खरंच सुरळीत होतो. पण घोंगडीत सीओटू वाढतो तेव्हा ऑक्सिजनही घटतो, आणि तिथे नवजाताचा कायदा आपल्यापेक्षा निराळा आहे. माळरानच्या मूळ प्रश्नाचं खरं उत्तरही इथेच दडलंय.

तुम्हाआम्हाला कमी ऑक्सिजनची हवा दिली तर श्वास वाढतो आणि वाढलेला राहतो. नवजाताला दिली तर मिनिट-दोन मिनिटं वाढतो, आणि मग उतरतो. कधी कधी होता त्याच्याही खाली. १९५० च्या दशकात बाळांवर हे मोजलं गेलं, आणि कोकरं, मांजराची पिल्लं, उंदीर, सगळीकडे कमीअधिक तेच दिसलं.

का? पोटात बघा. गर्भातलं कोकरूही छाती हलवतं. ऑक्सफर्डला जेफ्री डॉज यांच्या गटानं १९७० च्या सुमाराला मेंढीच्या गर्भात हे नोंदवलं. स्वप्नांच्या झोपेत जास्त, आणि तेही अनियमित. पण तिथे हवा नाही, फुप्फुसात पाणी. ऑक्सिजन येतो नाळेतून. म्हणजे पोटातला श्वास हा निव्वळ तालीम, त्यात खर्च आहे, मिळकत शून्य. अशा वेळी आईकडून ऑक्सिजन कमी आला तर शहाणपण कशात? तालीम बंद करण्यात. गर्भ तेच करतो. सीओटू वाढला तर तालीम वाढवतो, ऑक्सिजन घटला तर थांबवतो. मेंदूच्या देठाच्या वरच्या भागात हा दाबणारा हात असतो. तो भाग खालच्यापासून तोडला की गर्भ कमी ऑक्सिजनमध्येही छाती हलवत राहतो.

जन्मल्यावर हा हात लगेच जात नाही. काही दिवस-आठवडे टिकतो. म्हणून 'ऑक्सिजन कमी तर श्वास वाढायला हवा' हा नियम चार दिवसांच्या पिल्लाला पूर्ण लागू नाही. पहिलं मिनिट लागू, नंतर नाही. आणि म्हणून घोंगडीत तोंड नको.

तर्कट
मान्य. घोंगडी मागे घेतो.

सुगरण_पक्षी
पण मग गर्भाच्या गळ्यातला तो पिंड पोटात सतत बोंबलत नसेल का? तिथे ऑक्सिजन किती असतो?

फुप्फुसपुराण
मेंढीच्या गर्भाच्या धमनीत २०-२५ मिमी पारा. आपल्यात ९५-१००. केंब्रिजच्या बारक्रॉफ्टनी गर्भाची तुलना एव्हरेस्टवरच्या माणसाशी केली होती. गर्भाचं हिमोग्लोबिन ऑक्सिजन घट्ट धरून ठेवतं म्हणून निभावतं.

पिंड त्या २०-२५ लाच नेहमीचं समजून बसलेला असतो. जन्म होतो, पहिले काही श्वास जातात आणि ऑक्सिजन दुपटीनं-तिपटीनं चढतो. पिंडाला वाटतं, सुकाळ झाला! तो गप्प होतो. हाच गोठेवाल्यांचा झोपलेला गडी. पुढच्या काही दिवसांत, कोकरात साधारण आठवडा-दोन आठवडे, तो नव्या पातळीला जुळवून घेतो आणि जागा होतो. जागा झाला की थोड्याशा घसरणीलाही ओरडायला लागतो, आणि मग ती दारं धरण्याची गंमत सुरू होते. वॉर्ड_सातनं सांगितलं ना, फेरे नंतर वाढतात? ते बिघडणं नव्हे, पहारेकरी जागा झाल्याची ती खूण. तुमच्या कोकराचंही बहुधा तेच चाललंय.

उंच_माझा_झोका
धागा हायजॅक करतोय, क्षमस्व. लेहला पहिल्या रात्री माझ्या रूममेटचं अगदी हेच चालू होतं. चार-पाच मोठे श्वास, मग शांतता. मी दोनदा हलवून उठवलं, तिसऱ्यांदा त्यानं उशी मारली.

फुप्फुसपुराण
हायजॅक नाही, सख्खा भाऊ आहे. ३५०० मीटरवर विरळ हवेमुळे पिंड ओरडतो, माणूस जास्त श्वास घेतो, सीओटू पडतो, झोपेत उंबऱ्याखाली जातो. उंचीवर जाताना डायमॉक्सची गोळी घेतात ना? ती गोळी मूत्रावाटे अल्कली बाहेर घालवून रक्त किंचित आम्लधर्मी करते, मग श्वास चालू ठेवायला तेवढा सीओटू लागत नाही.

कोंबडं_झाकलं
मी पुण्याजवळ हॅचरीत सुपरवायझर आहे. धागा वाचून पहिल्यांदा कळलं की आम्ही रोज हेच करतो. अंड्याच्या बोथट टोकाला हवेची पोकळी असते. एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी पिल्लू चोचीनं आतला पापुद्रा फोडून त्या पोकळीत पहिला श्वास घेतं, बाहेरचं कवच फोडायच्या कितीतरी तास आधी. त्या वेळी पोकळीत सीओटू पाच-सहा टक्के झालेला असतो आणि ऑक्सिजन चौदाच्या आसपास उतरलेला. पिल्लाची भूक वाढते, पण कवचाची छिद्रं तेवढीच, त्यामुळे कोंडी होते. कोंडी झाली नाही तर ते टोचणार कशाला! आम्ही हॅचरच्या खिडक्याही शेवटी जरा आवळून ठेवतो, सगळी पिल्लं जवळजवळ एका वेळी फुटावीत म्हणून. अंडं कानाला लावलं तर आत टिकटिक ऐकू येते, ती सुरुवातीला फार विस्कळीत असते.

सुगरण_पक्षी
काय सुंदर प्रतिसाद! कानाला लावून ऐकलंय तुम्ही?

कोंबडं_झाकलं
रोज. साहेब नसले की.

उंटावरचा_शहाणा
ऑस्ट्रेलियात ज्युलिया क्रीक डनार्ट नावाचा उंदराएवढा पोटपिशवीवाला प्राणी आहे. बारा-तेरा दिवसांत जन्मतो, तांदळाच्या दाण्याएवढा. १९९९ मध्ये मोजलं तर नवजात पिल्लू जवळजवळ सगळा ऑक्सिजन कातडीतून घेत होतं. श्वास अधूनमधून, नावापुरता. म्हणजे श्वास विसरायची चैन परवडणारा एकमेव सस्तन.

फुप्फुसपुराण
एकमेव नसावा, पण मुद्दा झकास. तसाच अजून एक किस्सा. मेंदूच्या देठात लयीचा मूळ ठेका देणारा पेशींचा पुंजका १९९१ मध्ये नवजात उंदराच्या मेंदूच्या चकतीत सापडला, त्याचं नाव प्री-बॉटझिंगर. चकती बशीत ठेवली, शरीर नाही, फुप्फुस नाही, तरी ठेका चालू. शेजारच्या भागाचं नाव आधी बॉटझिंगर ठेवलं होतं, ते जर्मनीतल्या परिषदेत जेवणाच्या टेबलावर असलेल्या व्हाइट वाइनच्या बाटलीवरून.

चहाटळ
परिषद कोल्हापुरात झाली असती तर प्री-तांबडा आणि पोस्ट-पांढरा.

गोठेवाला
हहपुवा. पण पुराणकाका, बुधवारचं राहिलं. आचके. आमच्यात आचके द्यायला लागलं म्हणजे गेलंच समजतात.

फुप्फुसपुराण
ते खूर_आणि_शिंग यांनी सांगावं, त्यांचा हात रोज त्यात असतो.

खूर_आणि_शिंग
कळा लांबल्या, नाळ दबली, की पिल्लाच्या रक्तात सीओटू साठतो, ऑक्सिजन उतरतो, लॅक्टिक आम्ल वाढतं. थोडं तर सगळ्यांचंच होतं. ठणठणीत वासराच्याही रक्ताचा जन्मतःचा पीएच (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ७.२ च्या आसपास असतो, मोठ्या जनावराचा ७.४. पहिले काही तास धापा टाकून ते सीओटू बाहेर काढतं, म्हणून नवजात वासराचे मिनिटाला ५०-६० श्वास बघून घाबरायचं नसतं. ७.० च्या खाली गेलेलं वासरू मात्र लोळागोळा असतं, चिकाचं दूधही ओढत नाही.

डॉज यांनीच माकडाच्या पिल्लांवर गुदमरण्याचे टप्पे मांडले. आधी थोडी धडपड, मग श्वास बंद, हा पहिला खंड. मग आचके, काही मिनिटं. मग शेवटचा खंड. गोठेवाला, तुमची काडी पहिल्या खंडात काम करते. मेंदूचा देठ जिवंत असतो, नुसती टोचणी हवी असते. शेवटच्या खंडात काडी, पाणी, चोळणं, काहीही उपयोगाचं नाही. तिथे हवाच आत ढकलावी लागते, पिशवी-मास्कनं, नाही तर एक नाकपुडी आणि तोंड दाबून दुसरीतून हलकेच फुंकून. बाहेर बघून पहिला की शेवटचा ते कळत नाही. म्हणून अर्धं मिनिट काडी, जमलं नाही तर फुंका. दहातली आठ वाचतात म्हणालात, त्या आठ पहिल्या खंडातल्या.

आणि आचके म्हणजे मरण नव्हे. आपण तो शब्द मरणाला बांधून टाकलाय. पिल्लाचा आचका हा खोल श्वास असतो. दोन-तीन आचक्यांत थोडा ऑक्सिजन हृदयापर्यंत पोचला तर ठोका सावरतो आणि गाडी परत चालू होते. नवजात यात आपल्यापेक्षा कितीतरी चिवट. रॉबर्ट बॉइलनं १६७० मध्येच लिहून ठेवलंय की हवा काढून घेतलेल्या भांड्यात मांजराचं नवजात पिल्लू मोठ्या जनावरापेक्षा जास्त टिकतं. प्रयोगशाळेतल्या उंदराचं एक दिवसाचं पिल्लू निव्वळ नायट्रोजनमध्ये पन्नासेक मिनिटं आचके देत राहतं, मोठा उंदीर दोन-चार मिनिटांत संपतो. पिल्लाचा मेंदू कमी खातो, आणि हृदयात साखरेचा साठा असतो.

गोठेवाला
डॉक्टर, मागच्या पोळ्याला एक कालवड आचके देताना आम्ही सोडून दिली होती. म्हातारी म्हणाली, नका त्रास देऊ तिला.

खूर_आणि_शिंग
तुम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. पुढच्या वेळी फुंका.

सुगरण_पक्षी
वाचनखूण साठवली. हे सगळं गोठ्यात लिहून लावायला हवं.

तर्कट
एकच शंका. हे सगळं ठीक, पण माळराननी करायचं काय? धागाकर्ता बेपत्ता.

माळरान
बेपत्ता नाही, एसटीत होतो. सगळं वाचलं, तात्यांना फोनवर वाचूनही दाखवलं. पिंडाचं ऐकून म्हणाले, "म्हंजी गड्याला नवी जागा वळखायला येळ लागतोय." आता करायचं काय ते सांगा.

खूर_आणि_शिंग
ऊब आणि दूध. कोकराचं अंग ३९-४० असायला हवं. ३७ च्या खाली गेलं तर आधी शेकायचं, मग पाजायचं. गार पडलेलं पिल्लू गिळताना ठसकतं. अंगाखाली कोरडी पेंढी, वाऱ्याची बाजू अडवा, अंग झाका, तोंड उघडं. जुळ्यातली लहान म्हणजे थोरला तिला आचळापासून ढकलत असणार, तिला आधी लावा. नाकपुड्या फाकणं, कण्हणं, जागेपणीही खंड, जिभेचा रंग उतरणं, दूध सोडणं, यातलं एक जरी दिसलं तर वाट न बघता जवळच्या दवाखान्यात. आणि तो रात्रीचा टॉर्च बंद करा आता.

वॉर्ड_सात
+१. टॉर्चबद्दल विशेष.

माळरान
(पुढचा शनिवार) अपडेट. परत गावी आलोय. दुपारी झोपेत अर्धा तास मोजलं, चुलतबहिणीची मुलगी वही घेऊन बसली होती. उभ्या रेघा आणि गोल, वॉर्ड_सात यांच्या पेशंटच्या आईसारखं. अर्ध्या तासात गोल चारच, आणि सगळ्यात मोठा चार सेकंदांचा. पोरीनं कोकराचं नाव 'थांबा' ठेवलंय. आता ती वाघरीच्या बाहेर पळते आणि सगळं घर "थांबा, थांबा" ओरडत मागे धावतं.

चहाटळ
एसटीतही हेच नाव ऐकू येतं.

गोठेवाला
वजन किती भरलं?

माळरान
तीनला शंभर ग्रॅम कमी. ताणकाट्यावर लटकवून. सरळ, उलटं नाही.